ठणका जपून

"आता तरी गोळी घ्या म्हणते मी," बायको पेला पुढे करत म्हणाली.

उस्तादांनी गाल तळहातात धरून मान हलवली. खालची उजवीकडची शेवटची दाढ सकाळपासून जास्तच ठणकत होती, आणि तो ठणका संध्याकाळी दवाखान्यात जाईपर्यंत जसाच्या तसा टिकवायचा असा त्यांनी चंग बांधला होता.

"गिऱ्हाइकं काय करतात?" स्वयंपाकघर ते दार अशा येरझाऱ्या घालत ते म्हणाले. "घरून निघताना गाडी खडखडत असते. माझ्या दारात आली की गप्प. मग मी काय बघणार, कपाळ? दुखणं चालू असतानाच दाखवायचं असतं. इंजिनाचं काय नि दाढेचं काय."

"इंजिन रात्रभर कण्हत नाही. मला झोपायला मिळतं."

उस्तादांचं गॅरेज चालत होतं ते त्यांच्या कानावर. गाडी नुसती सुरू करायची, उस्तादांनी डोळे मिटून उजवा कान बॉनेटकडे करायचा आणि म्हणायचं, "बेअरिंग गेलंय." बेअरिंगच गेलेलं असायचं. संगणक लावून गाडी तपासणाऱ्यांची ते मनापासून कीव करीत. पण गेल्या पंधरवड्यात दाढेनं घात केला. ठणका दाढेतून निघे तो थेट उजव्या कानात शिरे, आणि तिथे दिवसभर भुंगा फिरत राही. त्या भरात उस्तादांनी एका व्हॅनचा धडधाकट गिअरबॉक्स उघडून ठेवला आणि बिघाड निघाला चाकात. पुढच्या वेळी तो व्हॅनवाला समोरच्या गॅरेजात शिरताना दिसला. त्या दिवशी उस्तादांना जेवण गेलं नाही. कान गेला तर आपल्याकडे उरलं काय, या विचारानं माणूस पार अर्धा झाला होता.

त्यातच ती छोट्या पांढऱ्या गाडीवाली बाई. "गाडी कुईकुई करते हो," म्हणाली. उस्तादांनी कान लावला.

"काही नाही करत."

"हा काय, आत्ता..."

"बाई, आम्ही जन्मभर हेच केलं. आवाज येत असेल तेव्हा आणा. उगाच तुमचाही वेळ जातो नि माझाही."

आठवड्यानं ती पुन्हा आली, पुन्हा तेच ऐकलं, आणि या खेपेला जाताना दार जरा जोरात लावून गेली.

नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी तर दाढ बघून हातच टेकले. "रूट कॅनॉल करावं लागणार. त्यातल्या तज्ज्ञ मॅडम आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतात, आणि गर्दी ही एवढी. शेवटची वेळ तुम्हाला देतोय, चुकवू नका."

चुकवण्याचा प्रश्नच नव्हता. काळजी वेगळीच होती, आणि दुपारी मेव्हण्यानं येऊन तिला खतपाणी घातलं. या मेव्हण्याला प्रत्येक दुखण्याचा स्वतःचा अनुभव असे.

"दाजी, एक सांगू? आत गेलं की दाढ दुखायची थांबते. मी खुर्चीत बसलो नि सगळं शांत. डॉक्टर विचारतात कुठली दुखतेय, मला सांगता येईना. म्हणाले, पुढच्या खेपेला या."

"मग?"

"मग पुढच्या खेपेपर्यंत तोंड हे एवढं झालं," म्हणून मेव्हण्यानं हातानं भोपळा दाखवला आणि चहा घेऊन तो निघून गेला.

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक फ्रिजकडे गेले आणि गार पाण्याचा घोट दाढेवर धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं. माल ताजा होता. मग त्यांना दुसरी शंका आली. मॅडमनी भलतीच दाढ उघडली तर? आपण नाही का गिअरबॉक्स उघडला? गॅरेजात जो भाग खोलायचा त्यावर ते खडूनं फुली मारून ठेवत. खिशात खडू होताच. आरशासमोर उभं राहून त्यांनी उजव्या गालावर ठसठशीत फुली मारली.

"हे असं येणार माझ्याबरोबर?" बायकोनं विचारलं.

"मला तिथे बोलता आलं नाही तर?"

बायको स्वयंपाकघरात गेली. दर अर्ध्या तासानं नवरा फ्रिज उघडतोय, घोट घेतोय, "स्स" करून समाधानानं मान डोलावतोय, हे तिला बघवेना. तिनं दूध कोमट केलं, गोळी बारीक कुटून त्यात घातली, वर दोन चमचे साखर घातली आणि पेला त्यांच्या हातात दिला. "पोटात काहीतरी असू द्या." उस्तादांनी डाव्या बाजूनं, दाढेला जपत, सगळं दूध संपवलं.

दवाखान्यात आत जायला थोडाच वेळ उरला असताना दाढ गप्प झाली.

उस्तादांनी जिभेनं ढोसलं. काही नाही. दात दातांवर दाबले. जरासं कुठेतरी हललं आणि विरून गेलं.

"अगं, थांबली."

"बरं झालं की," बायको समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"बरं काय झालं! नेमकी दारात येऊन गप्प. आता परत पाठवतील आठवडाभर."

ते उठले. कोपऱ्यातल्या कूलरचं गार पाणी पेल्यामागून पेला तोंडात खेळवलं. मग जिना उतरले, चढले, आणि वरच्या पायरीवर टाचा आपटून बघितल्या. इंजिन थंड पडलं की गिऱ्हाईक फाटकाबाहेर गाडी रेस करून बघतं, तसलाच हा प्रकार होता. कंपाउंडर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि चष्मा पुन्हा नीट बसवला. उस्ताद परत येऊन बसले, कधी हा गाल हातात धर, कधी तो, पण ठणका काही फिरकेना. नाव पुकारलं गेलं तोवर त्यांची खडूची फुली दोन्ही गालांवर पसरली होती.

आत मॅडम हातमोजे चढवत होत्या. त्यांनी मास्क वर करण्याआधी मान वर केली, आणि उस्तादांची दातखीळ बसली. पांढऱ्या गाडीवाली बाई.

"या," मॅडम म्हणाल्या. "कुठली दुखतेय?"

"उजवीकडची. म्हणजे दुखत होती. आत्ता जरा..."

"आत्ता दुखत नाही?"

"नाही. पण घरी फार दुखत होती हो. विचारा हिला."

मॅडमनी मास्क वर केला. "मग दुखत असेल तेव्हा या. उगाच तुमचाही वेळ जातो नि माझाही."

उस्ताद खुर्चीत इतके आकसले की पाय खालच्या टेकणावरून सरकले. आता पुन्हा आठवडाभर तो भुंगा, पुन्हा कुणाचा तरी गिअरबॉक्स. त्यांना खरोखर रडू आलं.

"बसा हो," मॅडम म्हणाल्या. मास्कच्या वर डोळे हसत होते. "दाढ बोलली नाही तरी मला शोधता येते. आ करा."

त्यांनी फोटो काढला, बर्फगार कापूस एकेका दाताला लावत गेल्या, आणि शेवटच्या दाढेला लावताच उस्ताद खुर्चीतून वीतभर वर उडाले. "ही सापडली," मॅडम म्हणाल्या. "गालावर हे काय आहे?" बायकोनं पदरानं पुसून टाकलं आणि त्या गाडीची सगळी हकिगत मॅडमकडून ऐकून घेतली. उस्तादांना ती ऐकावी लागली, कारण तोंडात दोन नळ्या होत्या.

पहिली खेप उरकली. अर्धा जबडा बधिर झालेला, ओठ लोंबकळलेला, असे उस्ताद बायकोच्या मागून खाली आले. मॅडमही निघाल्या होत्या. त्यांनी छोटी पांढरी गाडी सुरू केली.

कुई, कुई, कुई.

उस्ताद जागच्या जागी थांबले. भुंगा गेला होता. पट्टा सैल झालाय, डावीकडचा, इतकं लख्ख त्यांना ऐकू येत होतं, आणि त्या आनंदात त्यांचे डोळे भरून आले. पाठोपाठ दुसरी गोष्ट ध्यानात आली. हा पट्टा काही आजचा सैल झालेला नव्हता. दोन्ही खेपेला तो त्यांच्या दारात, त्यांच्या कानाशी, असाच ओरडत होता.

मॅडमनी काच खाली केली. "आज येतोय का ऐकू?"

गॅरेजचं नाव राखायला हवं होतं. उस्तादांनी छाती पुढे काढली आणि, हा आवाज आत्ता सुरू झालाय, तेव्हा अजिबात नव्हता, असं ठासून सांगितलं. बधिर जिभेतून नुसता फेसाळ घोगरा सूर निघाला.

"काय म्हणतायत?" मॅडमनी बायकोला विचारलं. नवऱ्याचं कण्हणंसुद्धा तिला शब्दन् शब्द कळत असे.

"म्हणतायत, आवाज तेव्हाही होता," बायको शांतपणे म्हणाली. "माझाच कान ठिकाणावर नव्हता. उद्या सकाळी गाडी घेऊन या, आवाज नसला तरी."

उस्तादांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं.

"मिटा बघू तोंड," मॅडम म्हणाल्या. "दाढेतलं सिमेंट अजून ओलं आहे."