उसना फुलबॅक

एकाहत्तर सालचा फुटबॉलचा हंगाम आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात, टेबल टेनिसच्या खोलीशेजारी राहतो. अंगात निळा हातविणीचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. सकाळी साडेदहाला एक कप चहा घेतो, साखर कमी. सगळे त्याला अण्णा म्हणतात.

साधे हंगाम फेब्रुवारी संपला की आपापले निघून जातात. जिंकलेला हंगाम मात्र कॉलेज ठेवून घेतं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. अण्णा बसतात तिथे, साधारण दोन खुर्च्यांच्या अंतरापर्यंत, कायम एकाहत्तरचा डिसेंबर असतो. उन्हाळ्यात स्टाफमधले बरेच जण काही ना काही काम काढून त्यांच्याजवळ फाईल वाचत बसतात. मी जिमखान्याची क्लार्क, त्यामुळे मला काम काढावं लागत नाही.

दर गुरुवारी चार वाजता इंदूकाकू निगवेकर आपल्या यजमानांना घेऊन येतात. बळवंत निगवेकर हे त्या हंगामातले फुलबॅक. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तीन वर्षांपासून त्यांना काही आठवत नाही. जेवलो की नाही, हेही नाही. पण अण्णांच्या शेजारी बसले की डिसेंबर एकाहत्तरपर्यंतचं सगळं लख्ख आठवतं. मग ते समोरच्या बाईंकडे बघतात. लग्न पंच्याहत्तर सालचं, त्यामुळे ही आपली बायको आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. मैदानाच्या कठड्यावर बसून मॅच बघणारी पोरगी मात्र ते बरोबर ओळखतात, आणि दर गुरुवारी लाजत लाजत तिचं नाव विचारतात.

काकू नाव सांगतात. एकदा मी न राहवून विचारलं, की दर आठवड्याला तेच, कंटाळा नाही येत?

"घरात मी कोण हेच न्हाई त्यांना ठाऊक," काकू म्हणाल्या. "हितं निदान इचारत्यात तरी."

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेलं काही दिसलं की परिपत्रक येतं. विद्यापीठाने कळवलं की विजयी हंगामांची संख्या वाढल्याने त्यांची तुलना करून एकच सर्वश्रेष्ठ हंगाम कायम ठेवण्यात येईल. बाकीचे भूतकाळात वर्ग करण्यात येतील.

वर्ग करणं म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलं आहे. घाटाखालच्या एका कॉलेजचा हंगाम तसा गेला. सगळ्यांशी हात मिळवून गेटबाहेर पडला, कुठे रडारड नाही. आठवड्याने त्याच संघाचा कॅप्टन मला बाजारात भेटला आणि म्हणाला, आमच्या शोकेसमध्ये एक चांदीचा कप आहे, तो कशाचा असेल हो?

पहिल्या फेऱ्यांत बरेच हंगाम गळाले. शेवटी दोन उरले: आमचे अण्णा आणि तळ्यापलीकडच्या कॉलेजचा अठ्ठ्याण्णव सालचा. अठ्ठ्याण्णव वयाने लहान, ट्रॅकसूटमधला, वागायला नम्र. वीस सामने, एकोणीस विजय. अण्णांचे चौदापैकी चौदा. बरोबरीत सुटलेलं काही नाही, वादाचं काही नाही. आमचे प्राचार्य मला म्हणाले, मॅडम, प्रपत्र भरा, पेढ्यांचं मी बघतो.

प्रपत्र भरायला मी जुनी सामना वही काढली, आणि नवव्या सामन्यापाशी माझा पेन थांबला. सामना तळ्यापलीकडच्या कॉलेजशीच होता. त्यांचा एक खेळाडू तापाने आडवा होता, म्हणून ते दहाजणच आले होते. आमच्या गावात दहाजणांशी खेळणं कमीपणाचं समजतात. अशा वेळी आपला एक चांगला गडी समोरच्यांना उसना द्यायचा आणि त्याच्या जागी आपला राखीव उतरवायचा. वाईट दिला तर गाव वर्षभर नावं ठेवतं. आमच्या कॅप्टनने निगवेकरांना दिलं. निगवेकर त्यांच्याकडून मन लावून खेळले आणि शेवटच्या मिनिटाला त्यांनीच गोल मारला. सामना एक-शून्य असा त्यांच्या बाजूने सुटला. पण वहीत तेव्हाच्या जिमखाना सचिवांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'गोल आपल्याच खेळाडूने केला असल्याने विजय आपला.'

पन्नासहून जास्त वर्षं तो विजय आमचा होता. कुणी वही उघडली नव्हती. मीही ती मिटू शकले असते. पण मी ती अण्णांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हरलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "मीच होतो की तिथं."

मी तेरा लिहिलं. चौदापैकी तेरा म्हणजे शेकडा ब्याण्णव पूर्णांक काहीतरी, आणि वीसपैकी एकोणीस म्हणजे पंच्याण्णव. गणित माझं कच्चं आहे, पण इतकं नाही. गुरुवारी मी इंदूकाकूंना सांगितलं.  सुनावणी किती वाजता आहे, एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी घरी जाताना मला प्रामाणिकपणाचा फार राग आला.

सुनावणी विद्यापीठाच्या सभागृहात झाली. उपकुलसचिव फराकटेसर अध्यक्ष होते. माणूस शिस्तीचा, आधी नियम बघून मग घोटभर पाणी पिणारा. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याण्णव. इंदूकाकू यजमानांना घेऊन आल्या होत्या. हातात एक कापडी पिशवी होती. त्यांनी निगवेकरांना अण्णांच्या शेजारी बसवलं आणि आपण समोर बसल्या.

अर्धा तास गोलसंख्येत गेला. अण्णांचा संघ निम्मे सामने अनवाणी खेळला होता, म्हणून दोन गुण वाढवावेत का, यावर चर्चा झाली. समोरच्यांनीही अनवाणीच खेळल्याचं निघाल्यावर ती थांबली. मग नववा सामना आला. फराकटेसरांनी निगवेकरांना विचारलं, तुम्ही गोल नक्की कोणासाठी मारलात?

"ज्यांचा शर्ट अंगात होता त्यांच्यासाठी," निगवेकर म्हणाले. "उसनं गेलं म्हणून काय कमी खेळायचं?"

अण्णांनी मान डोलावली. सरांनी तेरा या आकड्याखाली रेघ मारली आणि निकाल लिहायला कागद पुढे ओढला. मी खाली बघत होते. तेवढ्यात इंदूकाकू उठल्या. त्यांनी पिशवीतून एक विटका हिरवा शर्ट काढून टेबलावर ठेवला. आमच्या कॉलेजचा रंग निळा. हिरवा तळ्यापलीकडचा.

"सायेब, लग्न झाल्यापास्नं ह्यो शर्ट आमच्या ट्रंकेत हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना परत कुणी आणून दिलं, त्येवढं वहीत बघा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. उसना गडी कसा परत करायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. समोरचा कॅप्टन त्याला हाताला धरून मधल्या रेघेपर्यंत आणतो आणि त्याच्या कॅप्टनच्या हवाली करतो. तोवर सामना संपला असं धरत नाहीत, मग शिट्टी वाजो नाहीतर रात्र होवो. मी वही पुन्हा उघडली. 'परत मिळाला' यापुढची जागा कोरी होती.

निगवेकरांना विचारलं. ते म्हणाले, गोल झाल्यावर त्यांच्या पोरांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, त्या गडबडीत सगळे विसरले आणि मी तसाच हिरव्या शर्टात घरी गेलो. अजून कुणी पोचवायला आलेलं नाही.

फराकटेसरांनी नियमावली काढली. तुलना फक्त पूर्ण झालेल्या हंगामांची करता येते, असं कलम होतं. नववा सामना चालू, म्हणजे एकाहत्तरचा हंगामही चालू. सर पाणी प्यायले. ते म्हणाले, यात अडचण काही नाही. अठ्ठ्याण्णव यांनी आपल्या कॉलेजतर्फे खेळाडू आत्ता परत करावा, मी नोंद घेतो, आणि लगेच पुढे जाऊ.

एवढंच काम होतं. हाताला धरायचं आणि सहा पावलं चालायचं. अठ्ठ्याण्णव जागेवरून उठला. निगवेकरांपाशी आला, त्यांचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. इंदूकाकूंनी पदर तोंडाला लावला. अठ्ठ्याण्णव एक पाऊल चालला आणि थांबला.

"सर, असं रिकाम्या हातानं कसं परत करायचं?" तो म्हणाला. "वाटीभर साखर आणली तरी वाटी कुणी रिकामी धाडत नाही. हा तर माणूस आहे. आमची नड भागवली ह्यांनी."

सरांनी विचारलं, मग काय घालून परत करणार?

"तेच तर. त्या गोलाच्या तोडीचं आमच्याकडं अजून काही नाही. मिळालं की लगेच आणून देतो."

 फराकटेसरांनी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. रिकाम्या हाताने परत करावं, असं कुठेच लिहिलं नव्हतं. सरांच्या आईनेही कधी कुणाचा डबा रिकामा धाडला नसणार, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग लिहिलं: 'उसना खेळाडू परत करण्याची कार्यवाही सुरू आहे. तूर्त तुलना स्थगित.' सही केली, शिक्का मारला.

बाहेर आल्यावर कोणाचे आभार मानावेत ते मला कळेना, म्हणून मी सगळ्यांचे मानले. अठ्ठ्याण्णवचे मानले, फराकटेसरांचे मानले, शिपायाचेही मानले. पन्नास वर्षांपूर्वी तापाने आडव्या झालेल्या त्या पोराचं नाव वहीत नाही. त्याचे मनातल्या मनात मानले.

आता अठ्ठ्याण्णव दर गुरुवारी येतो. कधी नारळ आणतो, कधी भडंगाची पुडी, एकदा कोरा चामडी बॉल आणला होता. अण्णा ती वस्तू हातात घेऊन नीट बघतात आणि म्हणतात, चांगलं आहे, पण एवढ्यानं भागायचं नाही. अठ्ठ्याण्णव बरं म्हणतो. मग आम्ही सगळे भडंग खातो.

परवाच्या गुरुवारी निगवेकरांनी काकूंचं नाव विचारलं. काकूंनी सांगितलं. ते जरा वेळ खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी विचारलं, "मॅच संपली का हो? तुम्हाला घरी जायचं असंल."

"न्हाई अजून," काकू म्हणाल्या. "बसत्ये मी."