दुसराही हात पांढराच

"उभा जन्म भिंती रंगवण्यात गेला, आता हा वीतभर कागद मला काय शिकवणार?" असं लेकीला ठणकावूनच रंगारीबुवा दवाखान्यातल्या चित्रांच्या वर्गात जाऊन बसले. बायको गेल्यापासून बुवा जवळपास मुके झाले होते. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. मन मोकळं व्हावं म्हणून डॉक्टरांनीच हा वर्ग सुचवला होता. फार दिवसांनी बाबांचा आवाज चढला, म्हणून लेकीला उलट बरंच वाटलं!

वर्गातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, मनात असेल ते कागदावर येऊ द्या."

बुवांनी कागद बोटाने चाचपला, पांढरा रंग घेतला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ पट्टे ओढले. मग ब्रश धुऊन, हाताची घडी घालून बसले.

"एवढंच?"

"आजच्याला एवढंच."

बाईंनी लेकीला दारात गाठलं. "बाबांच्या मनात नुसती पोकळी आहे हो. त्यांना एकटं ठेवू नका!"

झालं! संध्याकाळी जावई आले आणि बुवांची शिडी उचलून घेऊन गेले. मागोमाग दाढीचा वस्तरा गेला, दोर गेला. सकाळी बघतात तर पायजम्याची नाडी जाऊन तिथे इलॅस्टिक! शेजारीण भाजी निवडायला म्हणून येऊन बसली, ती उठायचं नावच घेईना. बुवांना वाटलं, गल्लीत चोर शिरलेत की काय!

पुढच्या खेपेला बुवांनी पांढऱ्यावर पुन्हा पांढराच फासला. बाईंचा चेहराही त्याच रंगाचा झाला.

"पुरे झालं, बाबा!" लेक रडवेली झाली. "आता तुम्ही आमच्याकडेच राहायचं. त्या घराला आजच कुलूप लावते."

"कुलूप?" बुवा ताडकन उठले. बायकोने लावलेले डबे तिथे अजून तसेच होते. "अगं, पण मी केलं काय?"

"सगळं पांढरंच रंगवताय!"

"मग? अस्तर आहे ते! कोऱ्यावर रंग धरतो का कधी? आधी अस्तराचे दोन हात, मग वरून रंग!"

"हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलं का कुणी? सगळे आपले माझ्या नाडीच्या मागे!"

अख्खा वर्ग हसला. लेक डोळे पुसत म्हणाली, "बरं, मग वरून कुठला रंग देणार?"

बुवांनी ब्रश उचलला. तो हवेतच राहिला.

घरी स्वयंपाकघराची भिंत अशीच अस्तर देऊन थांबली होती. बायकोला तिथे पिवळा हवा होता. बुवा म्हणायचे, पिवळ्यावर धुराचे डाग दिसतात. भांडण मिटायच्या आधी तीच गेली. तेव्हापासून बुवा त्या भिंतीकडे पाठ करून जेवत. कागदावर होतं ते अस्तरच होतं, पण बाईंचंही अगदीच चुकलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी पिवळ्याची बाटली ओढली आणि सगळा कागद पिवळा केला.

"वा, आजोबा!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "हा तर आनंद!"

"नाही, बाई. स्वयंपाकघर."

लेकीने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "बाबांची शिडी आणून द्या. हो, आजच!"

बुवा मात्र बायको समोर बसल्यासारखे कागदाकडे बघत पुटपुटले, "डाग दिसणार. मग मला बोलायचं नाही!"