सुभेदारांचा श्वासाचा वर्ग

श्वास हुकमावर घ्यायचा असतो, अशी सुभेदार बनसोडेंची पक्की समजूत होती. दर शुक्रवारी सकाळी दहाला ते सांगलीतल्या आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एचआयव्हीच्या पेशंटांना सतरंजीवर रांगेत बसवत आणि मागे हात बांधून फर्मावत, "डोळं मिटा. ध्यान नाकावर. श्वास आत. हलायचं न्हाई." निम्म्या पेशंटांना खोकला होता. न हलण्याचा हुकूम पहिल्या मिनिटातच मोडत असे.

मी तिथं रक्त तपासायचो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि या आजारावर आमच्याकडे धड औषध नव्हतं. त्यात हे गृहस्थ. कुंडलचे, फौजेतून निवृत्त, कुठल्याशा शिबिरात दहा दिवस मौन पाळून आलेले. त्या मौनाची कसर ते आमच्यावर काढत. "श्वास बघणं ही तुमची ड्यूटी. बाकी हेडक्वार्टर बघंल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तपासणीच्या खोलीत त्याची नक्कल करून मी सगळ्यांना हसवत असे.

कुणी डोळे उघडले की सुभेदार त्याच्यासमोर उकिडवे बसून विचारत, "रिपोर्ट काय?"

तासगावचा एक ट्रक ड्रायव्हर एकदा म्हणाला, "आवं सुभेदार, नाकाबिकाचं काय दिसंना. मरण दिसतंय."

सुभेदार म्हणाले, "दिसू दे की. त्याला म्हणावं, लायनीत उभा ऱ्हा. तू श्वास बघ."

ड्रायव्हर हसला, हसताना खोकला, पुन्हा हसला. मला मात्र हा निव्वळ बाष्कळपणा वाटला. मरणाच्या दारातल्या माणसांना नाकाचा शेंडा बघायला लावणारा हा म्हातारा स्वतःला समजतो तरी कोण?

मग सलग दोन शुक्रवार ते आले नाहीत. पेशंट आले. आपणहून रांगेत बसले, वाट बघून उठले. ड्रायव्हर माझ्याकडे येऊन म्हणाला, "सायेब, म्हातारा पडला असंल. बघून या की."

पलूसला लग्न होतंच. परतण्याआधी जवळच कुंडलला गेलो, काळजीनं नव्हे, नवा किस्सा मिळेल म्हणून.

स्लॅबचं नवं घर. मुलगा फौजेत, लांब. दारात सून उभी. तिनं हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. तिथं म्हशीशेजारी बाजेवर सुभेदार तापानं पडले होते. उशाला पत्र्याची ट्रंक, एक थाळी, एक पेला.

"इथं का?" मी विचारलं.

"कँप हाय," ते म्हणाले. "सूनबाई वंगाळ न्हाई. पेशंटांत बसतो म्हणून भितीया. नातीचा हात धरला मी एकदा, तर तिनं पोरीला औषधाच्या पाण्यानं घासून न्हाऊ घातलं. पोरगी लय रडली. मग म्हटलं, आपुनच लांब हुवावं."

"तुम्हाला आजार नाही. तिला सांगितलंत?"

"दवाखान्यात समद्यांस्नी सांगतो. घरात जीभ उचलत न्हाई. माझ्या बापाला गाव लांबून वाढायचं, सायेब. आता घर वाढतंय."

मी तावातावानं सुनेकडे गेलो. शिवल्यानं, जेवल्यानं, एका पेल्यातून प्याल्यानं हा आजार होत नाही, हे तिला नीट समजावून सांगितलं. मी स्वतः रोज या पेशंटांचं रक्त तपासतो, हेही सांगितलं. ती मान डोलवत राहिली. मग तिनं चहा केला. मला कपबशी दिली, सासऱ्यांच्या पेल्यात वरून ओतला.

चहा संपल्यावर तिनं पदरानं धरून माझी कपबशी उचलली, राखेनं दोनदा घासली आणि घरात न नेता सुभेदारांच्या थाळीशेजारी आणून ठेवली.

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजेवर कूस बदलून मला जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "लय दिवसांनी जोडीला कोण आलं."