चौफेर आणि पंचांची अर्धी मिशी

सलूनवाल्याला सगळी गल्ली ‘चौफेर’ म्हणायची आणि हे नाव त्यानं फुटबॉलच्या मैदानावर कमावलं होतं. आपल्या गोलसमोर चेंडू हिसकावणार तोच, मधे खेळवणार तोच आणि पुढं धावत जाऊन मारणारही तोच. “खरा मिडफिल्डर एका जागी थांबत नाही,” तो गिऱ्हाइकाच्या गालावर फेस फासता फासता सांगे. “थांबतो तो खांब.”

दुकानही तो तसंच चालवायचा. एकाचा एक गाल केला की पळाला दुसऱ्याकडं. अर्धी दाढी झालेला माणूस उठून दुसऱ्या सलूनमध्ये जात नाही, हा त्याचा अनुभव होता.

अंतिम सामन्याच्या दुपारी अख्खा संघच दुकानात येऊन बसला. चषक मिळाला तर फोटो निघणार होता. चौफेरचा टायरवाला मेव्हणा संघाचा प्रशिक्षक. त्यानं दारातूनच बजावलं, “दाजी, पाचला सामना. आज तुमच्यामुळं उशीर झाला तर तुम्ही बाकावर. मग ताईनं कितीही डोळे वटारले तरी ऐकणार नाही.”

चौफेरचा गेल्या वर्षीचा अंतिम सामना मुरगळलेल्या घोट्यामुळं हुकला होता. हाही हुकला तर तोंड कुठं दाखवायचं?

तो कामाला भिडला. गोलकीपर बेकरीवाल्याची उजवी दाढी उडवली. शिंप्याचं डाव्या बाजूचं डोकं भादरलं. तेवढ्यात सामन्याचे पंच, म्हणजे पोस्टमास्तर, आत आले. त्यांना मिशी काढायची होती. अर्धी उतरवून चौफेर फळवाल्याच्या कल्ल्यांकडं पळाला.

“अरे, माझी दुसरी बाजू?” बेकरीवाला ओरडला.

“येतोय ना! पास दिलाय, परत घ्यायला येणारच!”

घ्यायला जायच्या आत दारात मेव्हण्याची शिट्टी वाजली. पोस्टमास्तर ताडकन उठले. “चला! पाचच्या ठोक्याला जो संघ मैदानात नसेल, तो हरला.”

“साहेब, पण तुमची मिशी?”

“मिशीसाठी नियमात सवलत नाही.”

अकराच्या अकरा अर्धवट मैदानाकडं धावले. चौफेरही वस्तऱ्याची पिशवी घेऊन मागोमाग धावला. मेव्हण्यानं बजावल्याप्रमाणं बाकाकडं बोट दाखवलं आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू उतरवला.

नाणेफेकीला समोरच्या संघाचा कप्तान आला, त्यानं पंचांकडं पाहिलं आणि तो फिस्सकन हसला. पोस्टमास्तरांनी पिवळं कार्ड काढलं. ते कार्ड उंचावताना मिशीचा शिल्लक भाग थरथरला आणि कप्तान पोट धरून खाली बसला. लाल कार्ड. मग त्यांचा बॅक हसला, त्याला सावरायला आलेला दुसरा हसला. चौफेरच्या संघातलं मात्र कुणी हसलं नाही. ज्याच्या स्वतःच्याच डोक्यावर निम्मं मैदान आणि निम्मं जंगल, तो कुणाला हसणार?

मध्यंतराला समोरचे तीन गडी बाहेर होते, गोल शून्य-शून्य. पोस्टमास्तर तरातरा बाकाशी आले. “आता उरलेली काढ.”

चौफेरचा हात सवयीनं पिशवीकडं गेला, तर पिशवीवर मेव्हणा बसलेला. “दाजी,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “आयुष्यात एकदा तरी काहीही करू नका.”

चौफेरला घाम फुटला. समोर गिऱ्हाईक, जवळ वस्तरा आणि स्वस्थ बसायचं? शेवटी तो म्हणाला, “साहेब, मैदानावर वस्तरा काढणं नियमात बसतं का?”

पोस्टमास्तरांनी विचार केला. “नाही बसत. बरी आठवण केलीस.”

उत्तरार्धात चौफेर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. इतका तो कुठल्याच सामन्यात दमला नव्हता. आणखी एक हसणारा बाहेर गेला, आणि मोकळ्या पडलेल्या मैदानातून शिंप्यानं जवळजवळ चालत जाऊन गोल केला.

चषकाचा फोटो आता सलूनमध्ये आहे. त्यात प्रत्येक जण आपली झालेली बाजू कॅमेऱ्याकडं करून उभा आहे, त्यामुळं निम्मे डावीकडं बघताहेत, निम्मे उजवीकडं. सरळ बघणारा एकच.

“हा मधला कोण? कप्तान?” नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं.

मेव्हणा दुकानात असला तर तोच उत्तर देतो. “मिडफिल्डर. त्या दिवशी चेंडूला पायही लावला नाही. पण नीट बघा, फोटोत सगळीकडं तोच आहे.”