वाटीतला पांढरा धागा

आपल्यातून काहीतरी गळून चालले आहे अशी भीती वाटण्यासाठी माणसाजवळ आधी गळण्याजोगे काहीतरी साठलेले असावे लागते. त्यामुळे गरिबाला हा रोग सहसा होत नाही. झाला तरी तो पाहायला त्याला सवड नसते. वऱ्हाडात १८६१ सालापर्यंत असे साठलेले फारसे काही नव्हते. मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि अमरावती-अकोल्याच्या काळ्या रानाला भलताच भाव आला. पाठोपाठ सुबत्तेची इतर लक्षणेही आली. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणे आली, बायकांच्या गळ्यात पुतळ्या आल्या, आणि पुरुषांना झोपेत नि लघवीत धातू जाण्याचा विकार जडला.

चांदूर बाजारजवळच्या एका गावात जानराव नावाचे सव्वीस वर्षांचे शेतकरी होते. त्यांना तो १८६४च्या मार्गशीर्षात झाला. लक्षणे अशी: कंबर भरून येणे, पायांत गोळे, झोप नाही, भूक नाही, सांगितलेले लक्षात राहत नाही. गोठ्यात बैलाच्या मानेवर डोके टेकून उगाच रडणे (बैलाने याची कुठे वाच्यता केली नाही). आणि बायको कौशल्या जवळ आली की अंग गार पडणे. माणूस खरोखरच वाळत चालला होता आणि विहिरीच्या काठावर जरा जास्तच वेळ उभा राहू लागला होता. एवढी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

अमरावतीचे वामनराव वैद्य या विषयातले अधिकारी पुरुष. असले दुखणे तोंडाने सांगणे पुरुषाला जमत नाही हे ओळखून त्यांनी कापूसबाजारातली रीत उचलली होती. बाजारात दलाल आणि शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. तसेच वैद्यबुवा रोग्याच्या हातावर उपरणे टाकीत आणि आठवड्यातून किती वेळा जाते ते रोगी बोटे दाबून कळवी. एक शब्द न बोलता निदान पुरे होई. त्या मोसमात त्यांच्याकडे एकशे चौदा पुरुष आले आणि एकशे चौदाही जणांना रोग निघाला. (यातले दोघे देवळाचा रस्ता विचारायला आले होते. वेळेत सापडले.)

जानरावांनी तीन बोटे दाबली. वैद्यबुवांनी डोळे मिटले.

“चाळीस घासांचा रक्ताचा एक थेंब होतो. तशा चाळीस थेंबांचा याचा एक. पुढचे तुम्हीच मांडा.”

जानरावांनी परतीच्या वाटेवर बैलांच्या दमणीत बसून मांडले, तर जन्मात खाल्लेल्या भाकरी पुऱ्या पडेनात. शेवटचे काही थेंब आईच्या दुधातले असावेत, असे त्यांनी धरून चालले.

पथ्य सोपे होते. बायकोपासून दूर निजावे. सकाळची पहिली लघवी काशाच्या वाटीत धरून उन्हाकडे करून पाहावी. पांढरा धागा दिसला तर रोग आहे. आणि कोणाशी बोलू नये. (हे शेवटचे पथ्य रोगी सांगण्याआधीपासूनच पाळत असत.)

जानरावांच्या अंगणात सरकी काढायचे सहा रेचे चालत. दिवसभर बाया त्यावर बसत, त्यांत कौशल्याही असे. रुई उडून चुलीवर, पाण्यावर, भुवयांवर, सगळीकडे बसे. वाटीत रोज एक पांढरा धागा निघे. बाजारात नमुना पाहतात तसा जानरावांनी तो दोन अंगठ्यांमध्ये ओढून पाहिला. धागा लांब होता, मऊ होता, चिवट होता. म्हणजे जात होता तोही उंची माल! जन्मभर कापूस हाताळलेल्या माणसाला तो ओळखू आला नाही, यावरून रोगाची तीव्रता कळते. वामनरावांच्या नोंदींप्रमाणे हा विकार कार्तिकात वाढतो, फाल्गुनापर्यंत टिकतो आणि रेचे थांबले की उतरतो. यावरून कापूस अंगाला उष्ण पडतो, असे त्यांनी सिद्ध केले होते.

इकडे लग्नाला तीन वर्षे झाली तरी पाळणा हलला नव्हता. आई गोदाबाईंनी ठरवले की होळी झाली की कौशल्येला परतवाड्याला माहेरी पोचवायचे आणि दुसरी मुलगी आणायची. दोष कोणाचा याची चौकशी झाली नाही, कारण तशी रीत नव्हती. हे थांबवू शकणारा माणूस घरात एकच होता आणि तो पथ्यावर होता.

होळीला चार दिवस असताना कौशल्या सकाळी गोठ्यामागे आली. जानराव वाटी उन्हाला धरून उभे होते.

“काय पाहून राहिले जी?”

“काई नाई.”

तिने वाटीत वाकून पाहिले. “कापूस हाय तो.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“मले नाई समजन तं कोनाले समजन? दिसभर रेच्यावर बसून राहिली मी.” तिने आपल्या केसांतला एक धागा काढून वाटीत सोडला. “आता सांगा, तुमचा कोन्ता अन् माया कोन्ता?”

जानरावांना सांगता येईना. सवयीने त्यांनी खांद्यावरचे उपरणे तिच्या हातावर टाकले आणि आत बोटे दाबली. तीन महिन्यांनी त्यांनी तिचा हात धरला होता. तिने तो सोडवला नाही. उपरणे तेवढे बाजूला केले.

“मले बजारातली बोटं नाई समजत. तोंडानं सांगा. मी हसनार नाई.”

जानरावांनी उपरणे झटकून परत खांद्यावर टाकले.

“वैद्यबुवाले इचारून सांगतो,” ते म्हणाले.

वैद्यबुवांनी सगळे गंभीरपणे ऐकले. अंगातून आता रुईच पडू लागली, म्हणजे रोग मुरला. शिवाय तोच धागा बायकोच्या डोक्यात निघाला, म्हणजे जाते कुठे तेही कळले. तिला लांब पाठवावे हे उत्तम. हे ऐकून जानरावांना हायसे वाटले. दुखणे मोठे निघालेले माणूस सोसतो. काहीच नाही असे निघाले तर घरी जाऊन बायकोशी बोलावे लागते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दमणी परतवाड्याकडे निघाली. जानराव शिवेपर्यंत मागून चालत गेले. कौशल्या मागे तोंड करून बसली होती आणि शिव येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांना फार वाईट वाटत होते. पुढच्या मोसमात जमुना नावाची मुलगी त्या घरात नांदायला आली आणि पंधरा दिवसांत तिच्याही केसांत कापूस बसू लागला.

ही हकीकत आम्ही चारचौघांत सांगतो तेव्हा मंडळी पोट धरून हसतात. मग सगळे उठतात आणि एक जण जोडे शोधत मागे रेंगाळतो. एका मित्राला हवा आहे म्हणून तो वैद्यांचा पत्ता विचारतो. आपण वाचत असल्यामुळे आपली तशी सोय नाही, म्हणून इथेच सांगून ठेवतो. वामनरावांच्या गादीवर आता त्यांचे पणतू बसतात, आणि अमरावतीतला कोणीही पुरुष मान खाली घालून घर दाखवतो. मित्राला सोबत आणण्याची गरज नाही. आजवर कोणीच आणलेला नाही.