बसाप्पा सरांचं लंगडं बकरं

मटणाच्या दुकानात उभं राहून 'बकरं कोवळं हाय न्हवं?' असं कोल्हापुरात सगळेच विचारतात. 'लंगडं हाय का?' असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या शेजारचे बसाप्पा सर. त्यातून सर लिंगायत, गडहिंग्लजकडचे. जन्मात मटण तोंडात घातलेलं नाही. नाकाला रुमाल लावून रांगेत उभे राहायचे, आणि पाळी आली की हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात तेच विचारायचे.

झालं! या दुकानात म्हातारी, लंगडी बकरी विकतात, अशी गल्लीभर बोंब उठली. गिऱ्हाईक तुटायला लागलं. शेवटी खाटीकमामांनी हात जोडले. असलं जनावर आलं की तुम्हाला हवा तो गुडघा घरपोच करतो म्हणाले, पर सर, दुकानात पाय ठेवू नगा.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ते गुडघे घरी आम्लात ठेवून मऊ करायचे, मेणात बसवून पातळ काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. त्या वासानं माझं डोकं उठायचं. मी खिडकी आपटून लावायची. त्यांना ढिम्म फरक पडत नसे.

उलट मी पापड वाळत घालताना मलाच गाठून शिकवायचे. सांध्यात हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते, फरशीसारखी. संधिवातात ती वरून झिजते असं सगळे म्हणतात. सरांचं म्हणणं वेगळं. हाड खाणाऱ्या पेशी आपल्याच अंगात असतात. एरवी त्या जुनं हाड काढतात, दुसऱ्या पेशी नवं भरतात. पण या दुखण्यात त्यांचा ताबा सुटतो. त्या कूर्चेखालचं हाड पोखरतात, आणि आधार गेला की फरशी खचते.

"कुंपणच शेत खातंय, वैनी. मी दाखवणार म्हंजे दाखवणार."

हा हट्ट कशापायी, ते गल्लीला ठाऊक होतं. सरांच्या बायकोची, आमच्या अक्काची, बोटं संधिवातानं वाकत चालली होती. डॉक्टर झाले, काढे झाले, लेप झाले. भाकरी थापावी तर अक्कानं. पण हल्ली ती परात पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची.

एका रविवारी सरांनी भिंतीवरून हाक मारली. मी गेले. काचपट्टीवर सापडलं होतं: कूर्चेखालच्या हाडाला पडलेले खड्डे, आणि त्यात ठाण मांडून बसलेल्या मोठाल्या पेशी. सरांनी अक्काला सूक्ष्मदर्शकापुढं स्टुलावर बसवलं. तिला स्क्रू फिरवता येईना, तो त्यांनीच फिरवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"घावल्या व्हय," ती म्हणाली. "आता थांबवायच्या कशा?"

सरांचं तोंड उतरलं. "ते अजून मला ठाऊक न्हाय," म्हणाले. "पर मी सोडत न्हाय."

मला वाटलं, आता ही रडणार. अक्का उठली आणि तिनं त्यांना परात आणायला सांगितलं.

"ते हुईल तवा हुईल. आजची भाकरी कोण थापणार? बसा हितं, शिकवते."

प्राध्यापक मांडी घालून बसले. पहिली भाकरी उचलताना तुटली, दुसरी परातीला चिकटली. अक्का वाकड्या बोटांनी त्यांचं मनगट फिरवत होती आणि चुकलं की टोचून बोलत होती. सर घामाघूम झाले, पण उठले नाहीत. तिसरी तव्यावर फुगली.

सरांनी ती फुंकर घालून मोडली, एक घास आमटीत बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. तेवढं करताना मात्र त्यांचा हात जराही अडखळला नाही. कितीतरी दिवसांची सवय होती ती, आणि भिंतीला भिंत असून मला पत्ता नव्हता.