हप्त्यांची सवलत मिळणार नाही

जुन्या कंपनीचं पाकीट आलं, तेव्हा पगारमास्तरांनी आधी चहा प्यायचा ठरवला. निवृत्त झालेल्या माणसाला कंपनी पत्र पाठवते ती सत्कारासाठीच, अशी त्यांची समजूत होती.

पत्र वाचता वाचता ते खूश झाले. "वा! काय भाषा आहे! ‘नजरचुकीने आपणांस ओव्हरटाइमपोटी जादा रक्कम अदा झाली आहे. ती पंधरा दिवसांत एकरकमी परत करावी. घरातील आजारपण, पैसे खर्च होऊन जाणे इत्यादी सबबी ऐकल्या जाणार नाहीत. हप्त्यांची सवलत मिळणार नाही.’ कुठे बोट ठेवायला जागा नाही!"

"अहो, पण पैसे मागतायत ते," बायको म्हणाली.

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. भाषा चांगली असणारच, मसुदा त्यांचाच होता. खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात उभी हयात त्यांनी पगाराच्या टेबलावर काढली होती आणि हे पत्र पाठवून भल्याभल्यांकडून पैसे वसूल केले होते. (साहेबांनी एकदा पाठही थोपटली होती. पाठ अजून ते विसरली नव्हती.)

"एक छदामही देणार नाही!" ते गरजले आणि पत्रातली पळवाट शोधायला बसले. एकही सापडेना. स्वतःच्या हुशारीचा त्यांना प्रथमच मनापासून राग आला.

पण पत्रात नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कारखान्यात थडकले. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण मॅडम बसत.

"सर, तुमचाच मसुदा वापरलाय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही."

"हिशेब दाखवा."

"कसला?"

"कुठल्या महिन्यात, किती तास, कुठल्या दराने?"

मॅडम गडबडल्या. "हिशेब आजवर कुणी मागितलाच नाही, सर."

"म्हणून तर मी मागतोय. बसलोय मी इथे."

आणि ते खरंच बसले. जेवणाची सुट्टी झाली, मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं, मास्तर हलले नाहीत. शेवटी कागद निघाले. रविवारच्या कामाला दुप्पट दर असतो, हे नव्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं. येणं शून्य! मॅडमनी माफी मागून तसं लिहून दिलं.

संध्याकाळी मेव्हणा आला होता. मास्तरांना श्रोता हवाच होता.

"सगळी गंमत अशी," ते रंगात येऊन म्हणाले, "की हिशेब कुणी केलेलाच नसतो! नुसता आकडा असतो. हिशेब मागा, की गप्प! मी त्या खुर्चीत असल्यापासून मला ठाऊक आहे."

मेव्हणा पूर्वी त्याच कारखान्यात पॅकिंगला होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "मलाही तुम्ही असंच पत्र पाठवलं होतं."

"पाठवणारच! ऑफिसात मी नातं बघत नाही."

"आणि त्यानं नवी कोरी स्कूटर विकून पैसे भरले," बायको म्हणाली. "त्याचा हिशेब केला होता तुम्ही?"

त्या आकड्याची बेरीजही मास्तरांनी तपासली नव्हती. मेव्हणा अजून बसच्या रांगेत उभा राहतो, हे आठवून त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच शरण जातो असं नाही.

सकाळी चहाच्या कपाखाली पत्र होतं. अक्षर बायकोचं, मसुदा मास्तरांचा. ‘आजारपण इत्यादी सबबी’ जागच्या जागी होत्या. खाली मेव्हण्याची सही.

मास्तरांनी शेवटचा डाव टाकला. "हिशेब दाखवा!"

"एक स्कूटर," बायको म्हणाली.

दुपारी पगारमास्तर स्कूटरच्या दुकानात उभे होते आणि विक्रेत्याला अगदी खालच्या आवाजात विचारत होते, "हप्त्यांची सवलत मिळेल का हो?"